रुप्यावरच्या राण्या : प्रस्तावना

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत राजुऱ्याच्या माणसाने वर्धा नदी ओलांडली की त्याला नाणे बदलावे लागे. नदीच्या या तीरावर निजामाचे राज्य आणि हाली सिक्का. पलीकडे बल्लारपूर, चांदा आणि इंग्रजांचा कलदार. शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, म्हणजे सहाला सात, असा दर होता. हालीवर चारमिनार आणि फार्सी अक्षरे होती, माणसाचा चेहरा नव्हता. कलदारावर राजाचा चेहरा असे. पण जे जुने कलदार लोकांनी बाजारात न मोडता गाडग्यात, पेटीत किंवा गळ्यात राखले, त्यांतल्या कितीतरी रुपयांवर राणी होती. राणीछाप रुपयांची माळ या भागातल्या गोंड, कोलाम, बंजारा घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तेव्हा चांदीच्या नाण्यावरची सम्राज्ञी हा विषय राजुऱ्याच्या वाचकाला परका आहे असे समजण्याचे कारण नाही. हे पुस्तक रोमच्या सम्राज्ञींच्या नाण्यांविषयी असले तरी त्याचा पहिला वाचक मी वर्धेच्या काठावरचा धरला आहे.

राणीछाप म्हणजे व्हिक्टोरिया. तिचा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा. हे वजन म्हणजेच एक तोळा, त्यामुळे सोनाराच्या तराजूत हा रुपया वजनाचेही काम करी. १८७६ पर्यंतच्या रुपयावर ती नुसती राणी आहे. विलायतेच्या संसदेने १८७६ मध्ये कायदा केला, १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरला, आणि १८७७ च्या रुपयापासून तिच्या नावापुढे सम्राज्ञी हे पद आले. मुकुट तोच, भरजरी पोशाख तोच, चेहराही जवळजवळ तोच. बदलला तो एक शब्द. हिंदुस्थानात पाऊल न टाकलेल्या या बाईचा चेहरा माणिकगडाच्या पायथ्याच्या वाड्यांपर्यंत पोचला तो चांदीमुळे. नाण्यावरच्या राणीचा अभ्यास करायचा तर हे दोन धागे पहिल्यापासून वेगळे धरावे लागतात: चेहरा कोणी आणि का घातला, आणि नाणे कोणी आणि का राखले. घालणाऱ्याची गरज आणि राखणाऱ्याची गरज सहसा एक नसते.

रोमचे चांदीचे नाणे म्हणजे दिनारियस. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ते दख्खनमध्ये पोत्यांनी आले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. तेलंगणातल्या नलगोंडा भागात अक्कनपल्लीला एकाच साठ्यात १,५३१ दिनारियस निघाले, बहुतेक ऑगस्टस आणि टायबेरियस या पहिल्या दोन सम्राटांचे. करीमनगर भागातल्या नस्तुल्लापूरला याच दोघांची नाणी मिळाली, पेद्दबंकूरच्या उत्खननातही मिळाली. नकाशा उघडून ही गावे पाहावीत. राजुऱ्याखालून वाहणारी वर्धा पुढे वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीत उतरते. त्या संगमाच्या पलीकडच्या मुलखात ही नाणी सापडली आहेत. राजुरा १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते, मग नांदेडात गेले, १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आले. प्रशासनाने रेघ कुठेही ओढली तरी सातवाहनांच्या काळात हा सगळा एकच मुलूख होता, आणि त्याच्या वाटा नद्यांच्या खोऱ्यांतून जात.

भारतात सापडणारे बहुसंख्य रोमन दिनारियस दोनच छापांचे आहेत. एकावर ऑगस्टसचे दोन नातू ढाली-भाले घेऊन उभे आहेत. दुसरा टायबेरियसचा. दर्शनी बाजूला त्याचे डोके. मागे खुर्चीवर बसलेली एक स्त्री, एका हातात राजदंड, दुसऱ्या हातात फांदी. भोवती सम्राटाची प्रमुख पुरोहित ही पदवी. स्त्रीचे नाव कुठेच नाही. ही कोण? जुन्या अभ्यासकांनी एकमुखाने सांगितले की ही लिव्हिया, ऑगस्टसची विधवा आणि टायबेरियसची आई, शांतिदेवतेच्या रूपात बसलेली. नंतरच्यांपैकी काही म्हणतात की ही नुसती देवता, आई वगैरे आपल्या मनातली. मला स्वतःला वाटते की ही अस्पष्टता मुद्दाम ठेवलेली आहे. ऑगस्टसच्या मृत्यूनंतर रोमच्या सभेने लिव्हियाला मानमरातब द्यायचे ठरवले, तेव्हा टायबेरियसनेच ते आवरते घेतले. राष्ट्रमाता ही पदवी त्याने तिला मिळू दिली नाही. अशा मुलाच्या टांकसाळीतून आईला बसायला जागा मिळावी आणि नाव मिळू नये, हे त्याच्या स्वभावाशी जुळते. हे माझे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. वाचकाने नाणे हातात घेऊन आपले मत बनवावे. पण लिव्हियाचा पक्ष धरला तर दख्खनच्या मातीत सर्वांत जास्त वेळा पुरली गेलेली रोमन स्त्री तीच ठरते.

ही चांदी इकडे का आली याची उत्तरे तिकडच्याच दोन लेखकांनी देऊन ठेवली आहेत. लाल समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहिणारा एक अनामिक ग्रीक व्यापारी सांगतो की भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक नाण्यांशी बदलली की नफा होतो. त्याच्याच हिशेबाने भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणपासून पूर्वेला तेर दहा दिवसांच्या. प्लिनी मात्र कुरकुरत लिहितो. दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स हिंदुस्थान ओढून नेतो, हा त्याचा एक आकडा. दुसरीकडे तो चीन आणि अरबस्तान धरून दहा कोटी सांगतो, आणि त्याचे खापर रोमच्या चैनीवर आणि बायकांवर फोडतो. म्हणजे रोमन बायकांना मोती, मिरी, मलमल हवी म्हणून रोमन चांदी बाहेर गेली, आणि त्या चांदीवर एक रोमन बाई बसलेली होती. प्लिनीच्या हे लक्षात आले असते तर त्याने आणखी एक परिच्छेद लिहिला असता.

इ.स. ६४ मध्ये सम्राट नीरोने नाणे हलके केले. एका रोमन पौंडातून चौऱ्याऐंशीऐवजी शहाण्णव दिनारियस पाडायचे ठरले, आणि चांदीत तांबेही वाढले. त्यानंतरचे दिनारियस भारतातल्या साठ्यांत फार विरळ आहेत. इथल्या सराफांना फरक कळला, आणि त्यांनी जुन्या छापाचीच चांदी पसंत केली. यात नवल वाटायला नको. १९४० मध्ये इंग्रज सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, तेव्हा आपल्या आज्या-पणज्यांनीही जुना रुपया गाठीला बांधला आणि नवा बाजारात सोडला. एडवर्डचा आणि पंचम जॉर्जचा रुपयाही चांदीला चोख होता. पण लोकांनी चोख चांदीला नाव दिले ते राणीचे.

या इतिहासातून संग्राहकाने एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवावी. नीरोनंतरच्या सम्राज्ञींचे, म्हणजे सबायना, दोन्ही फाउस्टिना, ज्युलिया डोम्ना यांचे दिनारियस आज भारतीय संग्रहांत दिसतात. ते जवळजवळ नेहमीच अलीकडच्या बाजारातून, युरोप आणि पश्चिम आशियाच्या जमिनीतून आलेले असतात. विक्रेता असे नाणे पुढे करून हे आपल्या गोदावरीकाठी सापडले, असे सांगू लागला तर त्याच्या नाण्याहून त्याच्या गोष्टीची अधिक पारख करावी.

आता सम्राज्ञींकडे. रोमन चांदीवर स्त्रीचा चेहरा ठळकपणे येतो तो कुणाच्या तरी अडचणीमुळे, आणि त्याचा सर्वांत धगधगीत दाखला धाकट्या अ‍ॅग्रिपिनाचा. सम्राट क्लॉडियसशी लग्न झाल्यावर ती त्याच्या दिनारियसच्या मागच्या बाजूला आली. इ.स. ५४ मध्ये क्लॉडियस मेला आणि तिचा सोळा वर्षांचा मुलगा नीरो गादीवर बसला. त्या वर्षीच्या नाण्यावर आई आणि मुलगा समोरासमोर आहेत, आणि दर्शनी बाजूचा मजकूर आईचा आहे. मुलाची नावे-पदव्या मागे, ओकच्या पानांच्या चक्राभोवती. पुढच्या वर्षी दोघांची डोकी एकाच दिशेला, एकामागे एक. मुलगा पुढे, आई मागे, आणि दर्शनी मजकूर मुलाचा. त्यानंतर रोमच्या टांकसाळीतून आई दिसेनाशी झाली. ५९ मध्ये नीरोने तिला ठार करवले. राजवाड्यात काय चालले होते ते इतिहासकारांनी पुढे अर्धशतकाने लिहिले. टांकसाळीने ते त्याच वर्षी चांदीवर ठोकून दिले होते. ही दोन नाणी दुर्मीळ आणि महाग आहेत, सामान्य संग्राहकाच्या आवाक्यातली नव्हेत. पण त्यांची चित्रे शेजारी ठेवून पाहिली की नाणे वाचणे म्हणजे काय हे एका बैठकीत कळते.

नवशिक्याने सुरुवात थोरल्या फाउस्टिनापासून करावी, असे मी नेहमी सांगतो. अँटोनायनस पायसची ही बायको इ.स. १४० च्या सुमारास वारली. नवरा पुढे १६१ पर्यंत जगला, आणि ती सारी वर्षे तिच्या नावाने नाणी पाडत राहिला. जिवंतपणीच्या नाण्यांपेक्षा मृत्यूनंतरची नाणी कितीतरी पट अधिक. त्यांवर ती दिवा, म्हणजे देवत्व पावलेली आहे. मागे अनंतता, सेरेस, व्हेस्टा अशा देवता, कधी मोर, कधी सिंहासन. रोमच्या जुन्या चौकात तिचे देऊळ आजही उभे आहे, पुढे त्याचे चर्च झाले म्हणून टिकले. नाणी विपुल, छाप पन्नास तऱ्हांचे, केशरचना स्पष्ट: वेण्या वर नेऊन डोक्यावर बांधलेला अंबाडा, मोत्यांच्या सरांनी गुंफलेला. हा अंबाडा एकदा ओळखता आला की मातीने माखलेले, अक्षरे झिजलेले नाणेही हाती आल्याबरोबर दशकासह सांगता येते. राण्यांच्या नाण्यांत केस हाच सर्वांत विश्वासू पुरावा. अक्षर झिजते, नाक चपटे होते, अंबाड्याचा उंचवटा शेवटपर्यंत राहतो.

तिची मुलगी धाकटी फाउस्टिना. हिची नाणी पाळण्यांची आहेत, असे थोडे थट्टेने म्हणता येईल. मार्कस ऑरेलियसपासून तिला डझनावर मुले झाली, आणि १४७ मध्ये पहिले मूल झाल्यावर बापाने तिला ऑगस्टा ही पदवी दिली. नवरा त्या वेळी नुसता सीझर होता आणि पुढे चौदा वर्षे तसाच राहिला. म्हणजे दर्जाने बायको नवऱ्याच्या वर, आणि ते बाळंतपणामुळे. १६१ मध्ये जुळे मुलगे झाले, तेव्हाच्या नाण्यावर आसनावर दोन बाळे ठेवलेली आहेत आणि भोवती युगाच्या सुखाची घोषणा. त्या जुळ्यांतला एक चार वर्षांचा होऊन वारला. दुसरा कोमोडस, ज्याने पुढे ते सुख पुरते घालवले. चार सम्राट लागोपाठ दत्तकाने झाल्यावर घराण्याला पोटचा वारस दाखवायचा होता, म्हणून टांकसाळीने बाळे दाखवली. फाउस्टिनाच्या नाण्याला केवळ मातृत्वाचा गौरव म्हणणारे लेख मी वाचले आहेत. गौरव असेल, आधी तो वारसा-पत्राचा मसुदा आहे.

ज्युलिया डोम्ना आणि तिच्या घरातल्या बायकांवर या पुस्तकात सर्वांत अधिक पाने गेली आहेत, आणि त्याबद्दल मी क्षमा मागणार नाही. सीरियातल्या एमेसा गावच्या पुजाऱ्याची ही मुलगी. नवरा सेप्टिमियस सेव्हेरस लष्कराच्या जोरावर सम्राट झाला; त्याला घराणे नव्हते, ते दाखवावे लागले. म्हणून डोम्नाची नाणी त्याच्या पहिल्याच वर्षापासून, १९३ पासून, सुरू होतात आणि तिच्या मृत्यूपर्यंत, २१७ पर्यंत, थांबत नाहीत. १९५ मध्ये ती छावण्यांची माता झाली. डिसेंबर २११ मध्ये थोरल्या मुलाने, काराकल्लाने, धाकट्या गेटाला तिच्या मिठीत मारवले. गेटाचे नाव शिलालेखांवरून खरवडले गेले, आणि आईची नाणी नव्या, अधिक लांब पदवीसह चालूच राहिली. आधीच्या आणि नंतरच्या नाण्यांत दोन शब्दांचा फरक आहे, आणि तोंड गप्प आहे. काराकल्लाची बायको प्लॉटिला हिचे नशीब उलटे. २०२ मध्ये लग्न, तेव्हाच्या नाण्यांवर हातात हात घेतलेले वधूवर आणि वंशवृद्धीची घोषणा. २०५ मध्ये तिचा बाप मारला गेला, तिला बेटावर धाडले, आणि नवरा गादीवर आल्यावर तीही मारली गेली. तिची नाणी तीनच वर्षांची आहेत. डोम्नाची बहीण मायसा आणि भाच्या सोएमियास व मामेया यांनी पुढची सतरा वर्षे दोन पोरसवदा सम्राटांच्या आडून राज्य हाकले. त्यांची नाणी मुबलक मिळतात, मात्र चांदीचा दर्जा उतरलेला: सेव्हेरसनेच दिनारियसमधली चांदी निम्म्याच्या आसपास आणली होती. २१५ मध्ये काराकल्लाने दुप्पट किमतीचे मोठे नाणे काढले. त्यावर सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट असतो, तर सम्राज्ञीच्या खांद्याखाली चंद्रकोर. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात हे नाणे चांदीचा मुलामा दिलेले तांबे होऊन बसले, आणि आपला विषय तिथे आटोपतो.

मग आपल्याकडे काय होते? राजुऱ्याच्या वाचकाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि उत्तर असे की आपल्याकडे राणीचा चेहरा नव्हता, नाव होते. जुन्नर भागातून आलेल्या एका चांदीच्या नाण्यावर सातवाहन राजा सातकर्णीबरोबर राणी नागनिकेचे नाव आहे. हीच नाणेघाटातली नागनिका. तिच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेत दिलेले हजारो कहापण मोजलेले आहेत. तिथे राजघराण्याच्या मूर्ती होत्या, आता नावे आणि पावलांच्या खुणा उरल्या. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या मागेपुढे दख्खनच्या चांदीवर राणीचे नाव यावे ही गोष्ट रोमच्या तुलनेत किती पुढची आहे, हे लिव्हियाच्या निनावी खुर्चीशेजारी ठेवून पाहावे.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाला हरवले. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली, त्यांतल्या दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा ठोकलेला आहे. त्यानंतर सातवाहनांनी स्वतःचे मुखवट्याचे चांदीचे नाणे काढले, सुमारे दोन ग्रॅमचे, एका बाजूला राजाचे डोके. चेहऱ्याची ही कल्पना पश्चिमेकडून आली, क्षत्रपांच्या हातून. पण त्या चेहऱ्याभोवती जे लिहिले ते इथले: वासिष्ठीचा पुत्र पुळुमावी, गौतमीचा पुत्र यज्ञ सातकर्णी. राजा स्वतःची ओळख आईच्या गोत्रनामाने देतो. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याच्या स्तूपात यज्ञ सातकर्णीचे असे नाणे मिळाले. ज्याला रोमच्या राण्यांचे चेहरे जमवायचे आहेत त्याने सातवाहनांच्या आयांची नावेही जमवावीत. हा अभ्यास त्याशिवाय लंगडा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. सत्तेला स्त्रीची गरज दोन्हीकडे होती. रोमने ती शेजारी बसवून भागवली, दख्खनने ती राजाच्या नावातच गुंफून टाकली. यावरून इथल्या राण्यांच्या हाती अधिक सत्ता होती असा निष्कर्ष मात्र काढू नये. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्री स्वतः बोलते, मुलाचे आणि नातवाचे गुण सांगते; कान्हेरीच्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची क्षत्रपकन्या राणी बापाच्या नावाने ओळखली जाते. दगडावर त्या बोलतात, नाण्यावर नाही.

राजुऱ्याच्या अंगणातला पुरावा चांदीचा नसून पोटीनचा, म्हणजे तांबे-कथिल-शिशाच्या मिश्रधातूचा आहे. चांदा जिल्ह्यातल्या अशा सातवाहन नाण्यांची नोंद हॉर्नले यांनी १८९३ मध्ये केली आणि रॅप्सनच्या १९०८ च्या ब्रिटिश म्युझियमच्या सूचीत त्यांना जागा मिळाली: एका बाजूला सोंड उचललेला हत्ती, दुसरीकडे चार गोलांचे उज्जैन चिन्ह, आणि पुळुमावी, यज्ञ सातकर्णी, कृष्ण सातकर्णी ही नावे. १९३९ मध्ये आताच्या वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला याच जातीचा मोठा साठा मिळाला. वासुदेव विष्णु मिराशींनी नागपुरात बसून तो वाचला, आणि पुराणांच्या याद्यांत नसलेले कुंभ, कर्ण, शक असे सातकर्णी उजेडात आले. राजांची यादी पोटीनच्या काळ्या चकत्यांनी दुरुस्त केली.

मधल्या काळातल्या राण्यांवरून मी या पुस्तकात भरभर गेलो आहे. पहिल्या चंद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर कुमारदेवी नावासह उभी आहे. जहांगीरच्या शेवटच्या वर्षांतल्या रुपयांवर नूरजहानचे नाव आहे. अहिल्याबाईंच्या रुपयावर ना चेहरा ना नाव, शिवलिंग आणि बेलपान आहे. आणि चांद्याच्या गोंड राजघराण्याच्या राणी हिराईने आपली ओळख दगडात ठेवली: नवऱ्याची समाधी आणि महाकालीचे देऊळ. प्रत्येकीवर स्वतंत्र लिहायला हवे. ते काम या भागातल्या एखाद्या तरुण अभ्यासकाने घ्यावे.

आता नाणी हाताळण्याविषयी. संग्रहाचा छंद चेहऱ्यापासून सुरू होतो, अभ्यास सुरू होतो तो जागेपासून. नाणे कुठल्या वावरात, किती खोल, कशाच्या शेजारी मिळाले हे कळले नाही तर हातात उरते ती वस्तू; इतिहास तिथेच मातीत राहिला. आपल्या तालुक्यात जुन्या पांढरी आहेत, महसुली कागदांवर रिठी म्हणून नोंदलेली ओसाड गावे आहेत. पहिल्या पावसानंतर तिथे मणी, खापरे, क्वचित नाणे उघडे पडते. दुसऱ्या बाजूला कोळशाच्या उघड्या खाणी आणि सिमेंटसाठी चुनखडीचे खणकाम आहे, जिथे यंत्राचा एक घास अनेक शतके उचलतो. आणि गुप्तधनाच्या नादाला लागलेले लोक आहेत, जे अमावास्येला लिंबू-नारळ घेऊन पांढर उकरतात. त्यांना सापडत काही नाही, पण थर मात्र कायमचे मोडतात.

कायदा समजून घ्यावा, तो वाटतो तितका वैरी नाही. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जागा, तारीख आणि वर्णन देऊन जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते, लपवणे गुन्हा आहे. सरकारने ठेवा घेतला तर मोबदला मिळण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

नाणे मिळाले की घासू नये. चिंच, राख, लिंबू, सोनाराचे तेजाब यांनी चांदी चमकते आणि अक्षरे जातात. काळपट थर हा नाण्याचा मळ नसून त्याचे कवच आहे. वजन शंभरांश ग्रॅमपर्यंत घ्यावे, व्यास मोजावा, दोन्ही बाजूंचे फोटो मोजपट्टी ठेवून काढावेत. ऑगस्टस-टायबेरियसचा चांगला दिनारियस पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरतो. फार हलका असेल तर आत तांबे आणि वर चांदीचा पत्रा असण्याची शक्यता. अशी खोटी नाणी रोमन काळातच होत, आणि ती अभ्यासाला तितकीच मोलाची आहेत. आधुनिक खोटे नाणे बहुधा ओतीव असते: कडेला शिवण, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत. एकाच ठशातली, एकाच जागी झिजलेली दोन नाणी दिसली तर दोन्ही ठेवून यावीत. इथल्या लोकांनी रोमन नाण्यांची हुबेहूब नक्कलही केली, अक्षरे न कळता काढलेली. त्यांना खोटी म्हणून टाकू नये, दख्खनच्या बाजाराने रोमला दिलेले ते उत्तर आहे. कोंडापूरसारख्या ठिकाणी तर अशा छापाची मातीची पदके मिळाली आहेत, दोरा ओवायला कान असलेली. रोमन चेहरा गळ्यात घालायची हौस राणीछापाच्या माळेपेक्षा खूप जुनी आहे.

शिकायला लांब जावे लागत नाही. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ पासून आहे. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० मध्ये सुरू झालेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, जिची पायाभरणी परमेश्वरीलाल गुप्तांसारख्या अभ्यासकाने केली; तेलंगण-आंध्रातल्या रोमन नाण्यांची शिस्तशीर सूची १९६५ मध्ये त्यांनीच दिली. ती सूची आणि मिराशींचे सातवाहनांवरचे मराठी लेखन, ही दोन या विषयाची दारे समजावीत. हे पुस्तक त्यांच्या पायरीपर्यंत सोबत करते, पुढची वाट वाचकाने स्वतः चालायची आहे. रोमन लिपीची भीती बाळगू नये. नाण्यावरचा मजकूर ठरावीक सहासात शब्दांचाच असतो, आणि ज्याला मोडी किंवा तेलुगू पाटीवरची अक्षरे लागतात त्याला तो आठवड्याभरात लागेल. राजुऱ्याच्या मुलांना मराठी, तेलुगू, हिंदी आणि कित्येकांना गोंडी येते. लिप्यांच्या हद्दीवर वाढल्याचा हा फायदा त्यांनी घ्यावा.

तोवर एक काम घरबसल्या करता येईल. आजीच्या पेटीत रुपयांची माळ असेल तर ती मोडीत द्यायच्या आधी प्रत्येक रुपयाचे साल, पदवी आणि वजन वहीत लिहून घ्या. माळ कोणत्या गावाहून, कोणाच्या लग्नात आली तेही विचारा. १८६२ साल घातलेले रुपये पुढे दहाबारा वर्षे पाडले जात होते, ठिपक्यांच्या खुणांनी त्यांचे वर्ष ओळखावे लागते, म्हणून मागची बाजूही बारकाईने पाहा. माळेत हाली सिक्का मिसळलेला दिसला तर तो कितव्या जागी ओवला आहे, हेसुद्धा टिपून ठेवा. अशा पन्नास घरांच्या वह्या एकत्र आल्या तर वर्धेच्या दोन तीरांवर चांदी कशी फिरली याचा पहिला लेखी पुरावा राजुऱ्यातून उभा राहील.